नापास उजेड

आमच्या गाळ्यात बल्ब तपासायला एक मशीन आहे आणि एक तुळजामावशी आहे. मशीन माझ्या ताब्यात असतं. मावशी कोणाच्याच ताब्यात नसते.

गाळा भिवंडी-वाडा रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे. घरगुती एलईडी बल्बचे सुटे भाग येतात, ते आम्ही जोडतो, तपासतो आणि खोक्यांत भरतो. मी भूपेश, राहणारा कशेळीचा. डिप्लोमा केलेला, म्हणून मशीनसमोरची खुर्ची मला मिळाली. मशीन म्हणजे आतून पांढराशुभ्र रंगवलेला एक मोठा पोकळ गोळा. त्यात बल्ब पेटवून झाकण लावलं की कॉम्प्युटरवर आकडा येतो. उन्हात वस्तूंचे रंग जसे दिसतात, तसे या बल्बखाली कितपत दिसतील, याचा तो आकडा. ऊन म्हणजे शंभर. बल्ब ऐंशीच्या वर गेला की पास, खाली राहिला की नापास. या आकड्याचा मला फार माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

मावशी अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरची. तुळजा शेलार. शेचाळीस-सत्तेचाळीस वय, नवरा वारलेला, पदरी एकच मुलगी. आठ वर्षांपूर्वी ती गाळ्यात खोकी भरायला लागली. एके दिवशी डब्यातली सुकी मिरची हातात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“भूपेश, त्या नव्या बल्बाखाली मिरची मेलीय रं.”

“मावशी, मिरची झाडावरून तोडली तेव्हाच मेली,” मी म्हणालो. सगळा गाळा हसला. मावशी हलली नाही. मग मी उपकार केल्यासारखा तो बल्ब गोळ्यात घातला. आकडा आला सहासष्ट. सबंध लॉट नापास.

त्यानंतर मीच तिला सुताराकडून प्लायवूडची पेटी करून दिली. दोन खण, मध्ये पडदी. डाव्या खणात खात्रीचा दिवा, उजव्यात तपासायचा बल्ब. मावशी दोन्हीकडे आधी मिरची ठेवायची, मग स्वतःचा हात घालायची. तिचं म्हणणं, वाईट उजेडात लाल रंग पहिला मरतो, आणि माणसाच्या कातडीत लाल असतोच. “हात मढ्यावानी दिसला तं त्यो बल्ब मानसाच्या घरात लावू नये,” असं ती सांगायची. मशीन लॉटमधले चार बल्ब तपासतं, मावशी चाळीस तपासायची आणि आमचं दोघांचं उत्तर बहुतेक एकच यायचं.

आता खरी गोष्ट. नापास बल्ब काही फुटत नाही की विझत नाही. नुसता रंग धड दाखवत नाही. मालक म्हणायचे, “जलता है ना? ले जाओ.” मी बल्बच्या टोपीवर मार्करने लाल ठिपका देऊन ते कामगारांना वाटायचो. सगळ्यात जास्त जायचे मावशीच्या पिशवीत. तिच्या पाड्यावर चाळीसेक घरं, आणि बहुतेक घरांत तिने नेलेला बल्ब. लग्न ठरलं, बारसं आलं, नवी खोली बांधली की लोक मावशीला सांगायचे आणि मावशी मला.

मी एकदा टोमणा मारला, “स्वतःच नापास करतेस नि स्वतःच लावतेस?”

“आमच्यात कोन रंग बघाला बसलाय? भाकर दिसली, इच्चू दिसला, झाला.”

मला तिचं ते बोलणं इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला सांगितलं. आता ते मी कोणाला सांगत नाही.

जानेवारीत मावशीची मुलगी रंजिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अकलोलीला दिलेली. आठवा सरत आला तेव्हा मावशी माझ्याकडे आली. “बाळंतिनीच्या खोलीला पांढरा नको, पोराच्या डोळ्याला लागल. त्यो पिवळा दे एक. ऊबदार वाटतो.” पिवळ्या बल्बांचा एक लॉट नुकताच नापास झाला होता. आकडा बासष्ट, उजेड हिरवट पिवळा. मी त्यातला एक पुसून, ठिपका देऊन तिच्या हातात ठेवला. वर म्हणालो, “नातवाला माझ्याकडून.”

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणला आणि रिवाजाप्रमाणे मायलेकरं खोलीत बंद झाली. त्यांच्याकडे सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. थंडीचे दिवस, म्हणून खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबलेल्या. दिवसरात्र तो बल्ब चालू. पाचव्या दिवशी पाचवी पुजली आणि सहाव्या दिवशी मावशी कामावर आली.

सगळ्यांच्या हातावर गूळखोबरं ठेवत ती सांगत होती, “लय गुनाचा हाय. रडत न्हाय, कुरकुर न्हाय. दूध प्याला पन उठवाला लागतो.”

“म्हणजे तुझ्यावर गेला नाही,” मी म्हणालो. ती खूप हसली.

अकराच्या सुमारास पिवळ्या बल्बांचा नवा लॉट उघडला. माल त्याच ठिकाणचा. मावशीने एक बल्ब उजव्या खणात लावला, मिरची ठेवली, उजवा हात घातला. तो हात मनगटापर्यंत हळदीने माखलेला होता; सकाळी निघण्यापूर्वी तिनेच बाळाला हळद लावली होती. तिने हात काढला, डावा घातला. मग दोन्ही घातले. आणि तशीच उभी राहिली.

“भूपेश, हितं ये. ह्यातला हळदीचा हात कोनता, सांग.”

मी वाकून पाहिलं. दोन्ही हात सारखेच, हिरवट पिवळे. मला सांगता येईना. तिने ते डाव्या खणात नेले, तर एक हात लख्ख पिवळा आणि एक सावळा. परत उजवीकडे आणले. दोन्ही सारखे.

“नापास,” मी म्हणालो. “गोळ्यात घालायचीसुद्धा गरज नाही.” मूर्खासारखा खूश होतो मी.

मावशीने हात बाहेर काढले नाहीत. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पोर दूध प्याला उठत न्हाय, भूपेश.”

तेव्हा मला कळलं. माझ्या मुलीला जन्मल्यावर थोडी कावीळ झाली होती. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी नेऊन कपाळावर अंगठा दाबून पाहिलं होतं आणि बजावलं होतं, कावीळ वाढली की बाळ सुस्तावतं, पीत नाही, ते शहाणपण समजू नका. आणि इथे मी सकाळी त्याच्यावर विनोद केला होता. त्या बल्बाखाली पिवळं पोर वेगळं दिसणारच नव्हतं.

मावशीने घरी फोन लावला. स्पीकरवर रंजिताचा झोपाळलेला आवाज आला. “आये, झोपलाय त्यो.”

“उठव. दारात ने त्याला, उन्हात. त्याचा त्वांड बघ कसा दिसतो.”

मग दुसरा आवाज आला, पुतळाबाईचा. ही मावशीची थोरली जाऊ. पाड्यावरची दोन पिढ्यांची पोरं तिच्या हाताने न्हालेली, तिच्या शब्दापुढे कोणी जात नाही. “येड लागला काय तुला, तुळजे? काल पाचवी झाली नि आज पोर भायर काढू? हळद लावल्यावर पिवळाच दिसल ना त्यो!”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मी बाईक काढली. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. पुढे कंटेनरची रांग, बाजूने खड्डे आणि उडणारी धूळ. मावशीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नखं शर्टातून टोचत होती. ती मागून बोलत राहिली. “काल सांजच्याला डोळं उघडलं व्हतं ना त्याने? मूठ धरली व्हती ना माझी?” मी काय सांगणार, मी तिथे नव्हतोच. मी म्हणालो, हो, धरली असेल. मला भीती वाटत होती. खड्ड्यात पडायची नव्हे, पोहोचायची.

अंगणात ऊन पसरलेलं. घराचं दार लोटलेलं, आतल्या खोलीला पडदा. बाळंतिणीच्या खोलीत परपुरुष जात नाही, म्हणून मी पडद्याशी थांबलो, पण मावशीने घुसताना तो बाजूला केला आणि मला आतलं दिसलं. भरदुपारी तो बल्ब जळत होता. धुरीचा धूर, कोपऱ्यात रंजिता, बाजूला पुतळाबाई. रंजिताचं तोंड, पुतळाबाईचं पांढरं लुगडं, भिंतीचा चुना, बाळाचं दुपटं, सगळं एकाच रंगाचं. मीच पुसून दिलेला बल्ब.

मावशीने बाळ उचललं. त्याची मान मागे कलंडली. तिने तळपायावर टिचकी मारली, मग जोरात मारली. बाळाने तोंड वाकडं केलं, आवाज काढला नाही.

पुतळाबाई दारात आडवी उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. “भायर नेलास नि वारा लागला, काय झाला, तं त्याच्या बापाला काय सांगशील?”

मावशी थांबली. तिला नुसती जावेची भीती नव्हती. बाळ घरी आल्यापासून हे सगळे नियम तिने स्वतःही पाळले होते, मनापासून. बाळ बाहेर काढलं आणि खरंच काही झालं तर? तिच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसत होतं. क्षणभर मला वाटलं, ही बाळ परत खाली ठेवणार.

“वैनी,” ती म्हणाली, “तूच चल माझ्यासंगट. तुझ्या डोळ्यानं बघ. न्हाय निघाला पिवळा, तं माझ्या हातचा पानी पिऊ नको.”

पुतळाबाईने हात खाली घेतले.

अंगणात ओट्यावर बाळ ठेवलं. मावशीने पदर भिजवून त्याचं कपाळ पुसलं, नाक, छाती पुसली. पदराला हळद आली. दुसऱ्यांदा पुसलं, थोडी आली. तिसऱ्यांदा पदर कोरा निघाला, आणि बाळ पिवळंच राहिलं. तिने छातीवर अंगठा दाबून उचलला. दाबलेली जागा हळकुंडासारखी पिवळी. पापणी वर केली, आतला पांढरा भाग पिवळा. तळपायसुद्धा पिवळे.

पुतळाबाईने तिच्या हातातून पदर ओढून घेतला आणि स्वतः पुसायला लागली. आधी हळू, मग जोरजोरात. छाती, पोट, पुन्हा छाती. “निघल, निघल,” म्हणत राहिली. शेवटी मावशीने तिचं मनगट धरलं. मग पुतळाबाई उठली आणि त्या वयात, अनवाणी, चिंधूच्या घराकडे धावत सुटली. चिंधूची इको गाडी आहे, अंबाडी-भिवंडी माणसं नेतो.

तान्ह्या बाळांचा मोठा दवाखाना तिथेच, म्हणून ठाण्याला न्यायचं ठरलं. मी चिंधूच्या शेजारी, मागे तिघी आणि बाळ. मावशीने बाळाचं तोंड काचेकडे धरलं होतं, दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाशी बोट नेत होती. भिवंडी कशीबशी ओलांडली आणि कशेळीला, माझ्याच गावात, गाडी अडकली. गोदामांतून निघालेले कंटेनर आडवे. पुढे हलेना, मागे जाता येईना. माझं घर तिथून दोन गल्ल्या आत, आणि मला त्या गावाचा एवढा संताप कधी आला नव्हता. मी उतरून ड्रायव्हरांवर ओरडलो, मराठीत, हिंदीत, हातापाया पडलो. रंजिता बाळाच्या ओठांवर दूध पिळत होती आणि ते गालावरून खाली ओघळत होतं.

तेवढ्यात बाळ रडलं. बारीक, उंच आवाजात, शिट्टीसारखं. “रडला, रडला!” चिंधू ओरडला. रंजिताने देवाचं नाव घेतलं. पुतळाबाई तर हसलीच. मलाही वाटलं, सुटलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला हात लावतानाच विचारलं, “रडतंय का? कसं? नेहमीसारखं, की बारीक किंचाळल्यासारखं?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मावशीने सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला तो मी पाहिला. कावीळ मेंदूकडे, कानांकडे चालल्याची ती खूण, असं त्या नंतर म्हणाल्या.

रक्तातल्या काविळीचा आकडा आला सव्वीस. जन्मभर आकड्यांवर मिजास केलेला मी, मला तो पास की नापास तेही कळेना. बाई म्हणाल्या, एवढ्या दिवसांच्या बाळाचा आकडा विसाच्या वर गेला की आम्हाला झोप येत नाही. बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. उतरलं नाही तर अंगातलं सगळं रक्त बदलावं लागेल, म्हणाल्या. त्या निळ्या उजेडात बाळाचा रंगच कळत नव्हता. मावशी काचेबाहेर उभी, आणि दर वेळी नर्सने दिवा बंद केला की काचेला नाक लावून बघायची. पिवळा कमी झाला का? मला विचारायची. मला काही फरक दिसत नव्हता. मी हो म्हणायचो.

तीन दिवस. सव्वीसचे एकवीस झाले, मग सोळा, मग अकरा. रक्त बदलावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळ आपणहून प्यायलं आणि आवाज करून प्यायलं. बाई म्हणाल्या, जगण्याची काळजी नाही. कान तीन महिन्यांनी तपासू, बाकी कळायला वर्ष लागेल. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो.

परत आलो तर मावशी नि पुतळाबाई बाकावर बसल्या होत्या. पुतळाबाई समोर बघत म्हणाली, “तुळजे, रीमाच्या पोराचा बी असाच झाला.”

रीमा मावशीच्या शेजारच्या घरची सून. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर तिचं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. ते पण रडायचं नाही. सटवाईनं नेलं, असं पाड्याने म्हटलं आणि विषय संपवला.

“शंभर कारणं असतात,” मी घाईघाईने म्हणालो. “तेच झालं असेल असं कशावरून?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. “त्या खोलीला बल्ब मी नेला व्हता. पिवळाच. तू दिलेला.”

मला तो बल्ब आठवत नव्हता. आठवणार कसा? किती वाटले.

बाळ घरी आलं, त्या रविवारी मी पास झालेले बल्ब घेऊन पाड्यावर गेलो. मालकांना काय ते सांगितलं होतं. मावशी आणि मी घरोघर फिरलो. लाल ठिपक्याचा काढायचा, दुसरा लावायचा. लोक हसत होते. चांगला चालतोय की, कशाला काढतेस, म्हणत होते. मावशी प्रत्येकाला तेच सांगत होती, ह्या उजेडात रंग दिसत न्हाय, तान्ह्या पोराला दारात आणून बघा. रीमाचं घर तिने शेवटी ठेवलं. मी म्हणालो, तिथे नुसता बल्ब बदलू, बोलू नकोस. रीमाला पुन्हा सातवा महिना होता.

“तिला सांगाला नको?” मावशी म्हणाली. “पुन्ना तीच खोली हाय तिची.”

रीमा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने सगळं सांगितलं. हळदीचे दोन हात, रंजिताचं पोर, सव्वीसचा आकडा, आणि तो बल्ब आपण आणला होता हे. काही राखून ठेवलं नाही. मी मागे उभा होतो, हातात खोकं. रीमा आपल्याला हाकलून देईल, ओरडेल, सगळा पाडा गोळा होईल, याची मी वाट बघत होतो.

रीमाचा हात सुपात तसाच राहिला. तिने एवढंच विचारलं, “माझा पोर पिवळा व्हता का गो?”

“ठाव न्हाय, बाय. उजेडात मी त्याला कवा बघितलाच न्हाय.”

“मी बी न्हाय,” रीमा म्हणाली.